परसातल्या पाण्यातली खादाडं

ऋषिपंचमीच्या सकाळी टेकचंद नेहमीसारखा कपबशी घेऊन परसात गेला, बोडीच्या काठावरच्या दगडावर बसला, बशीत चहा ओतला आणि बशी तोंडाला लावता लावता त्याच्या लक्षात आलं की पाण्यात काहीच नाही. पाणी होतं, काठोकाठ होतं. पण दोन बोटं वर निघालेली ती पिवळी फुलं नव्हती, आणि फुलांच्या खाली पसरलेला हिरवा गुंताही नव्हता. काल-परवापर्यंत तो इतका दाट होता की त्यात हात घातला तर बाहेर काढताना झटकावा लागायचा. आता तळाची माती दिसत होती, आणि एक बेडूक असा मोकळा पोहत होता की जणू घर त्याच्याच नावावर झालं. ‘बरं झालं,’ असं टेकचंदच्या मनात आलं. हा विचार त्यानं केला नव्हता, तो आपोआप आला, शिंक येते तसा. आणि त्याच्या पाठोपाठ असं हलकं वाटलं की तो दचकला, बशी हलली, चहा मांडीवर सांडला. मग दुसरा विचार आला आणि त्यानं पहिल्याचं नरडं धरलं. उद्या रविवार. उद्या लेकीचा, खुशबूचा फोन येणार, ती विचारणार, आणि तिला सांगायला आपल्याजवळ काही राहिलेलं नाही.

बोडी म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. घर बांधताना भरावाला माती हवी होती ती मागूनच काढली, आणि खड्डा बुजवायचं राहिलं ते राहिलंच. पावसाळ्यात तो भरायचा, उन्हाळ्यात तळाला जायचा. भंडाऱ्याला अख्खी वैनगंगा आहे, जिल्ह्यात पावला-पावलाला तलाव आहेत, तिथं टेकचंदच्या खड्ड्याला कोण पुसतो. पण शेजारपाजारचे त्याला टेकचंदशेठची बोडी म्हणायचे, चिडवायला, आणि पुढे तेच नाव पडलं. खुशबू नागपूरला वनस्पतिशास्त्र शिकत होती तेव्हा एकदा आंबागडला गेली, काकाकडे. किल्ल्याच्या पायथ्याच्या तलावातून तिनं हे आणलं, एसटीत मांडीवर बादली धरून. टेकचंद दुकानातून घरी येतो तर ही गुडघाभर पाण्यात उभी, आणि बादलीतलं गवत हलक्या हातानं पाण्यात सोडते आहे. “हे गवत कायले आणलं वो?” त्यानं विचारलं होतं. “गवत नाही बाबा,” ती म्हणाली होती, “हे जिवंत किडे खाते.” ज्या घरात अंड्याचं टरफल कधी आलं नाही त्या घरात पोरीनं मांस खाणारं झाड आणलं. टेकचंदनं कपाळाला हात लावला होता. मग तिनं त्याला काठावर बसवलं आणि पंचांग वाचायचं भिंग त्याच्या हातात दिलं. मोहरीएवढ्या पिशव्या, काचेसारख्या, प्रत्येकीला एक झाकण, झाकणावर दोन-चार केस. “आता बघा,” ती म्हणाली. डासाचं एक पिल्लू वळवळत आलं, केसाला लागलं, आणि नव्हतंच झालं. टेकचंदला काहीच दिसलं नाही, फक्त आधी होतं आणि नंतर नव्हतं. पिशवीच्या आत मात्र काहीतरी काळं हलत होतं. “कशी खादाड आहे,” तो म्हणाला, आणि पोरगी हसली, आणि त्या दिवसापासून ती खादाडं. पुस्तकातलं नाव तिनं दहादा सांगितलं असेल. ते त्याच्या जिभेवर कधी बसलं नाही.

बशी खाली ठेवून तो बोडीभोवती फिरला. काठाला थोडी बारीक रेती दिसली, पायांचे ठसे दिसले, पण पावसाच्या दिवसांत परसात पायांचे ठसे असायचेच. उपटलं म्हणावं तर याला मूळच नाही. खुशबू म्हणायची, बाबा, हे कुठंच धरून नसते, नुसतं तरंगते. म्हणजे ते कुणी उपटलं नाही, उचललं. कोणी उचललं असेल? गाईम्हशीचं काम म्हणावं तर फाटकाला कडी होती. त्याला बायकोला, सुलोचनाबाईला हाक मारून विचारता आलं असतं. ती आत गणपतीपुढचं तबक घासत होती, भांड्याचा आवाज इथपर्यंत येत होता. त्यानं हाक मारली नाही. कारण असं की त्याच्या मनात आलेला पहिला माणूस तीच होती. गेल्या उन्हाळ्यात बोडी आटत आली तेव्हा त्यानं गच्चीवर साठवलेलं पावसाचं पाणी बादल्या-बादल्यांनी आणून ओतलं होतं, नळाचं पाणी या झाडांना चालत नाही म्हणून, आणि कंबर धरून बसला होता. तेव्हा ती शेक द्यायला आली आणि म्हणाली होती, “लेकीसाठी इतकं पानी वाहता, तं एक दिवस नागपूरले काहून नाही जात? दीड घंट्याचा रस्ता हाय.” शेकाची पिशवी गार होईपर्यंत ती बसली होती, मग उठून गेली.

दीड तासाचा रस्ता. खुशबूनं नागपूरलाच लग्न केलं, कचेरीत सही करून, प्रविण नावाच्या मुलाशी. मुलगा वाईट आहे असं कुणी म्हणालं नाही, टेकचंदही म्हणाला नाही. तो पलीकडच्या मुलखातला, दुसऱ्या जातीचा, त्याच्या बापाचं नाव इथं कुणाला माहीत नाही. हे सगळं एक वेळ पचलं असतं. पण तिनं आधी सांगितलं नाही आणि नंतर फोन करून सांगितलं, ते त्याच्या घशात अडकलं. तो लग्नाला नव्हता, कारण लग्न झालेलं होतं. नंतरही गेला नाही, कारण नंतर जाणं म्हणजे आधी न बोलावल्याचं मान्य करणं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगता. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, “शेठ, पोरगी कुठं असते?” तर तो म्हणायचा, “नागपूरले असते,” आणि लगेच तराजूत भांडं ठेवायचा. तिच्याशी बोलणं बंद होतं. मग पावसाळा आला, बोडी भरली, आणि एक दिवस पाण्यावर पिवळं फूल आलं. त्या रविवारी फोन वाजला. सुलोचनाबाई देवळात गेली होती म्हणून त्यानंच उचलला. पलीकडे ती होती. ती हळूच म्हणाली, “बाबा, खादाडं आले का जी?” आणि तो म्हणाला, “आले. फूल आलं एक.” त्या वेळी त्याला इतकं बरं वाटलं होतं की फोन ठेवल्यावर तो बराच वेळ दुकानाच्या किल्ल्या शोधत राहिला, आणि किल्ल्या खिशातच होत्या.

तेव्हापासून दर रविवारी फोन आणि दर रविवारी खादाडं. पाणी किती आहे. शेवाळ आलं का. फुलं किती. पिशव्या काळ्या पडल्या आहेत का, म्हणजे पोट भरलं का त्यांचं. टेकचंद रविवारच्या तयारीला शनिवारीच लागायचा, भिंग घेऊन काठावर पालथा पडायचा. अठ्ठावन्न वर्षांचा पितळेचा व्यापारी, मोठं पोट, त्यावर पालथा. पहिल्या वर्षी त्यात मजा होती. दुसऱ्या वर्षी त्याला वाटायला लागलं की आपण तेच तेच बोलतो. खुशबूच्या मागे कधी कुकरची शिट्टी ऐकू यायची, कधी पंख्याची घरघर, एकदा तिला खोकला झाला होता आणि तो सबंध वेळ मनात म्हणत होता, औषध घेतलं का विचार, औषध घेतलं का विचार, आणि तोंडानं सांगत होता की गोगलगायी फार झाल्या आहेत. विचारायला गेलं की ‘औषध कोण आणून देतो’ हा प्रश्न त्याच्या मागे उभा असायचा, आणि त्याच्या मागे तो मुलगा. त्यापेक्षा गोगलगाय बरी. फोन ठेवला की वाटायचं, आज बोललो. आणि जरा वेळानं वाटायचं, आज काय बोललो? त्या पिशव्यांसारखं काहीतरी आपल्या नरड्यात बसलं आहे, शब्द काठावर आला की आत ओढून घेते, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. पण असले विचार जेवणाआधी येतात, पोटात वरण-भात गेला की जातात, म्हणून त्यानं त्याला महत्त्व दिलं नाही.

दुकानात त्या दिवशी त्याचं लक्ष नव्हतं. गणपतीचे दिवस, ताम्हन, समया, घंटा घ्यायला गर्दी, आणि त्यानं एका बाईला ताम्हनाच्या जागी परात दिली. बाई म्हणाली, “भाऊ, गणपतीले आंघोळ घालाची हाय, कणिक नाही भिजवाची.” लोक हसले. तोही हसला, आणि हसता हसता विचार केला की खोटं सांगावं. चांगली आहेत म्हणावं, फुलं भरपूर आहेत म्हणावं, तिला काय दिसते. पण तिला कळलं असतं. भांडं घेताना गिऱ्हाईक टिचकी मारून बघते तशी ही पोरगी बापाचा आवाज ओळखते. मग त्यानं आंबागडला भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, “तलाव लबालब भरला हाय. तुमचं ते घास बी हाय काठाले, पिवळे फूल हायेत ना? या, पाहिजे तितकं न्या.” तिकडे जाणारी दुपारची तुमसरची एसटी मिळाली असती. अंधार पडायच्या आत बादली घेऊन परत आला असता. उद्या सकाळी बोडीत सोडलं असतं आणि कुणाला पत्ता लागला नसता. टेकचंद गल्ल्यावर बसून राहिला. एसटीची वेळ जवळ आली, तो बसून राहिला. वेळ टळली आणि त्याला पुन्हा ते सकाळचं हलकं वाटणं जाणवलं, आणि आता ते शिंकेसारखं गेलं नाही, बाजूला बसून राहिलं. आपल्याला ती परत नकोत, हे त्याला कळलं. कळल्यावर भीतीही वाटली. ती नकोत तर लेक नको आहे का? तसं नाही, तसं तर मुळीच नाही. आठवड्याचे सगळे दिवस तो त्या एका फोनवर काढत होता. खादाडं नसली तर ती कशाबद्दल फोन करील? एक-दोन रविवार करील. मग सणावारी करील. मग आईलाच करील, दुपारी करते तसा, आणि आपण दुकानातून येऊन बायकोचा चेहरा बघून ओळखायचं की आज लेक बोलली.

संध्याकाळी घरी आला तर सुलोचनाबाई ओसरीवर वाती वळत होती. तो शर्ट न काढताच समोर बसला. खूप वेळ विचार करून आडून आडून विचारायचं त्यानं ठरवलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं. “बोडीतलं सारं कुठं गेलं?” तिनं वात खाली ठेवली. “काय कुठं गेलं?” “खादाडं.” तिनं त्याच्याकडे बघितलं, मग परसाकडे बघितलं, मग उठून चपला न घालता मागं गेली. टेकचंद तिच्या मागे. पाणी बघून तिनं तोंडावर हात ठेवला. ती खोटं करत नव्हती. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं एकदाही तोंडावर हात ठेवायचं सोंग केलं नव्हतं, आणि सकाळपासून आपण तिच्यावर संशय घेतला याची टेकचंदला लाज वाटली. “थांबा,” ती म्हणाली, आणि भिंतीपलीकडे हाक मारली, “शकुनबाई! अवो शकुनबाई!”

शकुनबाई शेजारची, वयानं मोठी, आळीतल्या बायकांचं सगळं देवाधर्माचं तीच बघायची. ती भिंतीवरून डोकावली आणि काय विचारतात ते ऐकून तिचा चेहरा उजळला. आपलं पुण्याचं काम कुणी विचारलं की माणसाचा उजळतो तसा. मग सगळं निघालं. हरतालिकेची रात्र बायकांनी जागवली, रेतीची गौर केली, आणि सकाळी गौर शिरवायला, पाण्यात सोडायला, नदीवर निघाल्या तर वैनगंगेला पूर, घाटाच्या पायऱ्या पाण्यात, पोलीस कुणाला खाली जाऊ देईना. टेकचंद तेव्हा पहाटेच दुकानात गेला होता, चतुर्थीची गर्दी म्हणून. “म्या म्हनलं, पानी तं पानीच हाय,” शकुनबाई म्हणाली, “शेठच्या बोडीत शिरवू. सुलोचनानं हो म्हनलं.” सुलोचनाबाई म्हणाली, “मी हो म्हनलं. पण मी मंग सैपाकाले आत गेली.” “हो ना,” शकुनबाई पुढे म्हणाली, “मंग गौर पान्यात गेली, फुलं गेले, बेल गेला, आघाडा गेला, दुर्वा गेल्या. आता दुसऱ्याच्या परसात निर्माल्य सडू देनं बरं दिसते का? पाय लागते, कुत्रं-मांजर येते. म्या संध्याकाळी आली, पदर खोचला, पान्यात उतरली आणि सारं गोळा केलं. काडी नाही ठेवली. लय होतं, बापा. पत्रीचा असा गुंता झालता, सुटे ना. त्याच्यात देवीची पिवळी फुलं अडकून होती. म्या सारं टोपल्यात भरलं, हळदकुंकू वाहिलं, आटो केला, अन् पुलाजवळ पानी उतरलं होतं तिथं वैनगंगेत शिरवून आली. हात जोडले. तुमच्या नावानंबी जोडले, शेठ.”

टेकचंद तिच्याकडे बघत राहिला. डासांची पिल्लं खाऊन पोट काळं झालेली ती झाडं, त्यांना हळदकुंकू लागलं, ती ऑटोत बसली, आणि एका सोवळ्या बाईनं हात जोडून त्यांना गंगेला लावलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, सकाळीच बायकोला विचारलं असतं तर दिवस वाया गेला नसता. “काही चुकलं का जी?” शकुनबाईनं विचारलं, आता तिचा आवाज जरा उतरला होता. “खुशबूचं काही होतं का त्याच्यात?” सुलोचनाबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. तो काय बोलतो याची तिला भीती वाटत होती, हे त्याला दिसलं, आणि ते त्याला आवडलं नाही. “नाही वो वहिनी,” तो म्हणाला, “बरोबर केलं तुमी. पान्यात सडून राहिलं असतं.” हे म्हणताना त्याचा जीव भांड्यात पडला. कुणी दावा साधला नव्हता, कुणी सूड घेतला नव्हता, आणि आपणही काही केलं नव्हतं. एका बाईनं जे करायचं ते नीट केलं होतं, इतकंच.

तरीही रविवार उरला होता, आणि तो उजाडला. टेकचंद परसात गेला नाही. ओसरीवरच बसला, फोन समोर ठेवून, आणि तो वाजला तसा त्यानं पहिल्याच घंटीला उचलला. “बाबा,” खुशबू म्हणाली, “खादाडं कसे आहेत जी?” “नाहीत,” तो म्हणाला. “नाहीत म्हणजे?” “शिरवले.” मग त्यानं सगळं सांगितलं, गौर, पूर, पोलीस, टोपलं, हळदकुंकू, ऑटो. सांगताना त्याला दिसत होतं की हे आपलं शेवटचं सांगणं आहे, म्हणून तो काही गाळत नव्हता, शकुनबाईचा खोचलेला पदरही त्यानं सांगितला. सगळं सांगून झालं. पलीकडे काही नाही. लाइन गेली असं वाटून त्यानं फोन कानापासून दूर केला, आणि मग त्यातून एक आवाज आला. आधी वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. अशी हसत होती की तिला श्वास घेता येत नव्हता, मध्येच “ऑटोत” असं म्हणायची आणि पुन्हा हसायची. पोरगी आठवी-नववीत असताना असं हसायची, पोट धरून, जमिनीवर बसून. तिच्यामागे एका माणसाचा आवाज आला, “अगं काय झालं?” तिनं तिकडे तोंड करून त्याला दोन वाक्यांत सांगितलं, आणि तो माणूसही हसला. मोकळं हसला, लाजत नाही तसं. टेकचंदला कळलंच नाही की आपणही हसतो आहोत, ओसरीवर एकटे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“बाबा,” हसू ओसरल्यावर ती म्हणाली, आणि आवाज बदलला, “एक सांगू? रागावू नका. मी थकली होती जी, ते खादाडं विचारून विचारून. मले वाटे, ते नाही विचारलं तं तुम्ही फोन ठेवून द्याल.” टेकचंदनं काही म्हणायला तोंड उघडलं. पुष्कळ काही म्हणायचं होतं, दोन वर्षांचं, आणि त्यातलं निम्मं रागाचं होतं, घासून घासून लख्ख केलेलं. आता शोधलं तर ते जागेवर नव्हतं. “तुझा खोकला गेला का?” तो म्हणाला. “कवाचा गेला बाबा. तो तं उन्हाळ्यात होता.” “औषध कोणं आणलं?” ती थांबली. “प्रविणनं.” मागे पंखा घरघरत होता. “आता हसला तो तोच काय?” “हो.” “दे फोन त्याच्याजवळ.”

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला, काहीतरी पडलं, कुणीतरी घसा साफ केला. “नमस्कार बाबा,” तो मुलगा म्हणाला. दिवसभर अनोळखी लोकांशी भाव करणारा टेकचंद एक क्षण अडला. “नमस्कार जी,” तो म्हणाला. “गणपती बसले हायेत घरी. दर्शनाले या दोघं.” मुलगा म्हणाला, “कधी येऊ?” त्याच्या आवाजात अशी घाई होती की बूट घालूनच बसला असावा. “आज सुट्टी आहे ना तुमाले?” टेकचंद म्हणाला, “मंग आजच या. जेवाले.”

फोन ठेवून तो वळला तर सुलोचनाबाई दारात उभी होती, हाताला पीठ, उंबऱ्याच्या आत एक पाय आणि बाहेर एक. किती वेळची उभी होती कोण जाणे. “कोन येऊन राहिलं?” तिनं विचारलं. तिला सगळं ऐकू गेलं होतं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं, तरी ती विचारत होती. टेकचंदनं खुंटीवरची पिशवी घेतली, चपला पायात सरकवल्या. “लेक अन् जावई,” तो म्हणाला, आणि ती उंबऱ्यावर खाली बसली. तिचं रडं थांबायची वाट न बघता तो भाजी आणायला निघाला, कारण बारा वाजायच्या आत ती दोघं पोचणार होती आणि रविवारी चांगली वांगी लवकर संपतात.